दुखवटा देशाचा आणि घरचा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत बेळगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात दुखवट्यावर बोलायचं म्हणजे जरा अवघडच. विषय कळल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलंच, "अहो, सणासुदीला हे कशाला?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण विषय निघाला तो सणामुळेच. २०२० साली अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्टला, माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी गेले आणि सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. ते कोरोनाचं साल. मिरवणुकाच नव्हत्या, त्यामुळे काही ठरवावं लागलं नाही. पण एरवीच्या वर्षी असं झालं तर? ढोल वाजवायचे की नाहीत? नाटकाची तिकिटं परत करायची का? नियम पाहिले तर दुखवट्यात राष्ट्रध्वज अर्ध्यावर येतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. मंडळांनी काय करायचं ते मंडळांवर. मग चर्चेत दोन वाक्यं आली. एक आपलं नेहमीचं, "लोक काय म्हणतील?" आणि दुसरं, "आपलं देशप्रेम दिसायला नको का?"

या दुसऱ्या वाक्याशी आम्ही अडलो. देशप्रेम आहे की नाही हे कोणी गेल्यावर दिसतं, आणि ते चारचौघांत दिसलंच पाहिजे, ही समजूत आपल्यात कधी आणि कशी रुजली? आज तेवढंच पाहायचं आहे.

आधी शब्दाकडे बघू. हिंदीत 'राष्ट्रीय शोक' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं 'राष्ट्रीय दुखवटा' लिहितात. शोक ही मनाची अवस्था झाली. दुखवटा म्हणजे रीत. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, म्हणून शेजारचं घर पिठलं-भात करून पाठवतं. बाराव्या-तेराव्याला सोयरे येतात, कपडे आणतात, बळेबळे गोड घास भरवतात. 'दुखवटा काढणं' म्हणतात ते हेच. म्हणजे आपल्या घरच्या दुखवट्याला दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. तो गेलेल्यासाठी असतो तितकाच मागे राहिलेल्यांसाठी असतो, आणि त्याला शेवटचा दिवस असतो. सुतकात घरचा गणपती शेजाऱ्यापाजाऱ्याकडून बसवून घेतात, पण बसवतात. सुतकाच्या घरी कोण किती रडलं याची मोजदाद सहसा होत नाही. होते तेव्हा ती करणाऱ्या आत्याबाईंना सगळी भावकी ओळखून असते.

आता देशाच्या दुखवट्याकडे येऊ, आणि सुरुवात टिळकांपासून करू. गणेशोत्सवात ती तशीही करावी लागते, आणि बेळगावला तर त्यांच्यावर हक्कच आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीगची स्थापना त्यांनी याच गावात केली. १ ऑगस्ट १९२० च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. मुसळधार पाऊस. तरी लाखांवर माणूस रस्त्यावर आला. गिरणी कामगार आले. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ज्यांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या, तेच हे लोक. गांधीजींनी तिरडीला खांदा दिला. आणि नेहमीचं स्मशान सोडून गिरगावच्या चौपाटीवर, उघड्या वाळूत, दहन झालं.

या दुखवट्याची एक गोष्ट लक्षात घ्या. तो कोणी जाहीर केला नव्हता. सरकार इंग्रजांचं. एकही झेंडा अर्ध्यावर आला नाही. लोकांनी आपणहून दुकानं लावली, आपणहून भिजत चालले, आणि एवढ्या मोठ्या संख्येनं एकत्र आल्यावर आपण कोण आहोत हे त्यांना एकमेकांकडे पाहून कळलं. त्याआधी देश हा भाषणातला शब्द होता. त्या दिवशी तो गर्दीच्या रूपात समोर उभा राहिला. असहकाराची चळवळही त्याच तारखेला सुरू झाली.

पुढचं आमच्या मते त्याहून महत्त्वाचं आहे. टिळकांच्या नावानं स्वराज्य फंड काढला गेला. १९२१ च्या मार्चमध्ये बेझवाड्याला काँग्रेसनं ठरवलं की ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे. १९२१ चे एक कोटी! तीन महिन्यांची मुदत. जमले. बायकांनी अंगावरचे दागिने दिले. त्या पैशातून चरखे, राष्ट्रीय शाळा, चळवळीचा खर्च चालला. चौपाटीवर रडलेल्या लोकांना रडून झाल्यावर काही काम दिलं गेलं आणि त्यांनी ते केलं.

दुखवट्याची दुसरी बाजूही आपल्याच माणसांनी पाहिली आहे. ३० जानेवारी १९४८. गांधीजींचा खून झाला त्या संध्याकाळी देश हळहळत होता, आणि त्याच वेळी एका प्रश्नानं गोठला होता: मारणारा कोण? आकाशवाणीच्या बातमीत मारेकरी हिंदू असल्याचं मुद्दाम सांगितलं गेलं, कारण ते न सांगण्याचे परिणाम सर्वांना ठाऊक होते. एक आगडोंब टळला. पण मारेकरी पुण्याचा ब्राह्मण आहे हे कळलं, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये ते दिवस आहेत. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी मंडळाच्या ग्रंथालयातून न्यावी. ज्यांची घरं जळली त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी गांधीजींसाठी त्या रात्री जेवण झालं नव्हतं. पण दुःख खरं की खोटं हे ठरवणारे आता बाहेर दारात उभे होते.

१९८४ च्या ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, तेव्हा हेच शीख बांधवांच्या वाट्याला आलं. एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ माणसं मारली गेली. राष्ट्रीय दुखवटा चालू होता, ध्वज अर्ध्यावर होता. मारणाऱ्यांना आपण देशप्रेमच करतो आहोत असं वाटत होतं, यातच सगळा धोका आहे. दुखवटा आपल्याला 'आपण' देतो, पण त्या 'आपण'ला कुंपण कुठे घालायचं हे त्याच घाईत ठरतं. आणि ते घालणारे बहुधा सर्वांत कमी रडलेले असतात. हे आमचं मत आहे, कोणाला पटेल न पटेल.

आता एका गाण्याची गोष्ट. आपल्या देशभक्तीच्या गाण्यांत सगळ्यांत वर कोणतं, असं विचारलं तर दहातले आठ जण 'ऐ मेरे वतन के लोगों' म्हणतील. हे गाणं विजयाचं नाही. १९६२ च्या पराभवातलं आहे, दुखवट्याचं आहे. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी ते गायलं. लिहिलं कवी प्रदीप यांनी आणि चाल आपल्या सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. १९६५ आणि १९७१ ची युद्धं आपण जिंकली. त्यांच्यावर गाणी झाली नाहीत असं नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं उभी राहतात ती या गाण्याला. आपलं देशप्रेम हे मुळात आठवण काढण्याचं देशप्रेम आहे. त्यात गैर काही नाही. शेवटी लताबाई गेल्या, २०२२ च्या फेब्रुवारीत, तेव्हा त्यांच्यासाठी दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा झाला, आणि दोन्ही दिवस हेच गाणं वाजत होतं.

पण या गाण्याच्या मानधनाची हकिगत फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रदीपजींनी या गाण्याची रॉयल्टी युद्धविधवांच्या निधीला देऊन टाकली होती. ती रक्कम नीट पोहोचत नव्हती. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००५ साली न्यायालयानं थकबाकीपोटी दहा लाख रुपये निधीत भरायला लावले. बेचाळीस वर्षं आपण ते गाणं ऐकून डोळे पुसत होतो. गाणं ज्यांच्यासाठी होतं त्यांचे पैसे कुठे आहेत, हे विचारावं असं आपल्याला सुचलं नाही. आम्ही हे दोष देण्यासाठी सांगत नाही. डोळे पुसण्यात आपलं काम झालं असं वाटतं, हे दाखवण्यासाठी सांगतो.

सैन्याबद्दल बेळगावात बोलताना जपूनच बोलावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या कॅम्पात आहे. भरती, शपथविधी, बँड हे इथल्या रोजच्या जगण्यात आहे. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात होतं त्यांना माहीत असेल, १९६२, ६५, ७१ या युद्धांत पडलेल्या जवानाचे अंत्यसंस्कार बहुतेक वेळा तिकडेच व्हायचे. घरी यायची ती तार. मागाहून ट्रंक. दुःख त्या घराचं, फार तर गल्लीचं. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी हे बदललं. पडलेल्या जवानाचा देह त्याच्या गावी पोहोचवायचा असं ठरलं. ५२७ जवान गेले. तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या देशभरच्या खेड्यांत पोहोचल्या, आणि त्यांच्या मागोमाग टीव्हीचे कॅमेरे. आईला शेवटचं तोंड पाहायला मिळालं, हा केवढा मोठा बदल! त्याचं मोल कमी करू नये. पण त्याबरोबर अंत्ययात्रा हा सार्वजनिक कार्यक्रम झाला. व्यासपीठ आलं, फलक आले, फलकावर हुतात्म्याच्या फोटोपेक्षा मोठे फोटो आले. आपण सर्वांनी ते पाहिले आहेत.

ध्वजसंहितेत या बाबतीत काही नियम आहेत, ते ऐकण्यासारखे आहेत. ध्वज अर्ध्यावर आणताना तो आधी पूर्ण वर न्यायचा, मग खाली घ्यायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा वर नेऊनच. दुखवट्याच्या काळात स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताक दिन आला, तर त्या दिवशी ध्वज पूर्ण उंचीवरच फडकतो. जिथे पार्थिव ठेवलं असेल तेवढीच इमारत अपवाद. म्हणजे ढोल वाजवू की नको या आमच्या प्रश्नावर राष्ट्रानं स्वतःपुरतं उत्तर शोधून ठेवलेलं आहे: आनंदाचा दिवस आनंदाचाच राहतो. आणि पेटीवरचा ध्वज केशरी पट्टा डोक्याकडे करून पांघरायचा, पण तो चितेत किंवा खड्ड्यात जाऊ द्यायचा नाही. तो काढून घ्यायचा. घडी घालून तो घरच्यांच्या हातात दिला जातो. जाणाऱ्याबरोबर सलामी जाते, ध्वज मागे राहिलेल्यांकडे येतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत हे सगळं आपल्या अगदी शेजारी घडलं. सियाचीनमध्ये हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी त्यांतले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. त्या दोन-तीन दिवसांत देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. ११ फेब्रुवारीला ते गेले. तेव्हा बेळगावात कोणी मराठी-कानडी पाहिलं नाही. भाषेच्या भांडणात साठ वर्षं काढलेल्या या गावानं एका कानडी घराचं दुःख आपलं मानलं, आणि तसं कोणाला सांगावं लागलं नाही. दुखवट्यात कुंपण मोडण्याचीही ताकद आहे, ती ही.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. १७ जानेवारी. १९५६ साली सीमाप्रश्नावर गोळीबारात जे गेले, त्यांना दर वर्षी आपण हुतात्मा चौकात अभिवादन करतो. त्या दिवशी सरकारी इमारतीवरचा ध्वज अर्ध्यावर येत नाही. येणार नाही. आपल्या शेजारच्या कानडी कुटुंबाला तो दिवस आपल्यासारखा वाटत नाही, आणि वाटावा असा हट्ट धरून चालणारही नाही. पण या दिवसानं आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज कळत नाही. जाहीर झालेला दुखवटा आणि मनातला दुखवटा नेहमी एकच नसतात, आणि जो जाहीर दुखवट्यात सामील होत नाही तो देशाचा वैरी नसतो. आपल्यावर हा संशय घेतला गेलेला आहे. निदान आपण तरी तो दुसऱ्यावर घेऊ नये. आणि गंमत पाहा, अनंत चतुर्दशीची आपली मिरवणूक त्याच हुतात्मा चौकातून निघते. गुलाल आणि अभिवादन एकाच चौकात, कोणाला खटकत नाही.

शाळेतल्या मुलांचंही थोडं. ३० जानेवारीला सकाळी अकराला दोन मिनिटं उभं राहायचं असतं. मुलं उभी राहतात, एकमेकांना चिमटे काढतात, हसू दाबतात. आम्हाला त्यात देशद्रोह दिसत नाही. मुलांच्या लेखी दुखवटा म्हणजे सुट्टी मिळणार की नाही एवढंच. डॉ. अब्दुल कलाम २०१५ मध्ये गेले तेव्हा सात दिवसांचा दुखवटा होता, पण केंद्र सरकारनं सुट्टी दिली नाही. आयुष्यभर कामात राहिलेल्या माणसाला ते शोभून दिसलं. मुलं मात्र नाराज झाली असणार.

आता मागे राहिलेल्यांकडे येऊ, कारण हे सगळं बोलायचं ते त्यासाठी. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या मागे त्याच्या पत्नीला पदकाबरोबरचा मासिक भत्ता मिळतो. २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत नियम असा होता की तिनं पुन्हा लग्न केलं तर भत्ता बंद. मात्र लग्न मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी केलं, तर चालू! म्हणजे दिराशी लग्न केलं तर ती वीरपत्नी, दुसऱ्या कोणाशी केलं तर नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीपुढे सरकारनं ठेवलेला हा पर्याय. तो नियम २०१७ मध्ये काढून टाकला गेला. पण तोवर तो कागदावर होता, आणि त्या साऱ्या वर्षांत अंत्ययात्रांना लाखोंची गर्दी होत होती, 'अमर रहे'च्या घोषणा होत होत्या. त्या गर्दीतल्या कोणाला हा नियम माहीत नव्हता. माहीत करून घेणं हे देशप्रेमात मोडतं असं कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर गावातही तेच होतं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावर कुजबुज करणारी तोंडं पुष्कळदा तीच असतात, ज्यांनी अंत्ययात्रेत फुलं उधळली.

आपला राष्ट्रीय दुखवटा घरच्या दुखवट्याहून वेगळा पडतो तो इथे. त्यानं गेलेल्याकडे पाहायला शिकवलं, शेजारून पिठलं-भात न्यायला शिकवलं नाही. १९२० चा दुखवटा मोठा का, तर त्यानं दोन्ही केलं.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून पाळला जातो. छातीला लावायचा छोटा कागदी ध्वज आणि निधीचा डबा. हा निधी माजी सैनिक, युद्धविधवा आणि अपंग जवानांसाठी असतो. आमच्या लहानपणी शाळेत तो डबा फिरायचा. आता ही तारीख कोणाला आठवते? डब्यात टाकलेल्या दहा रुपयांचा फोटो काढता येत नाही, हेही एक कारण असेल. काढत असतील म्हणा हल्ली.

तेव्हा मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे, तो इथे सांगून थांबतो. राष्ट्रीय दुखवटा उत्सवात आला तर पूजा, आरती आणि मिरवणूक होईल, डीजे नसेल. तो नसेल तर एरवीही कोणाचं काही बिघडणार नाही. खर्चातून जे वाचेल ते ध्वजदिन निधीला. दुसरं काम तरुण कार्यकर्त्यांसाठी. संरक्षण निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळतं, आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पेन्शन अडते. बेळगाव, खानापूर, चंदगड या भागांतल्या खेड्यांत अशा कितीतरी म्हाताऱ्या आहेत ज्यांच्या हाती साधा फोन आहे आणि अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटत नाही. ज्या पोरांना रोषणाईचं कंट्रोल मोबाइलवरून चालवता येतं, त्यांना हे जड नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावं. गाडीची सोय झाली आहे, डिझेलचं अजून बघायचं आहे.